अकराव्या वर्षी शाळा सुटलेला पोरगा मुख्यमंत्री झाला आणि अख्ख्या राज्याला शाळेत घेऊन गेला

तमिळनाडूत एक गोष्ट घरोघरी सांगतात. राज्याचे मुख्यमंत्री दौऱ्यावर होते. रेल्वेचं फाटक बंद म्हणून गाडी थांबली. मुख्यमंत्री खाली उतरले, तर बाजूच्या माळावर एक पोरगा बकऱ्या चारत होता. शाळेची वेळ होती. त्यांनी सहज विचारलं की बाबा, शाळेत का जात नाहीस? पोराने उलट विचारलं की शाळेत गेलो तर जेवायला तुम्ही देणार का?

आता हे संभाषण अगदी शब्दाला शब्द असंच झालं का, यावर वाद घालता येईल. पण त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जे झालं, त्यावर वाद नाही. आज तुमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी खिचडीचा वास येतो ना, त्या वासाचा माग काढत मागे गेलात तर वाटेत एक मोठा थांबा लागतो. त्या थांब्याचं नाव के. कामराज.

महाराष्ट्रात कामराज म्हटलं की राजकारणाचं वाचन असणाऱ्यांना कामराज योजना आठवते. पंतप्रधान ठरवणारा माणूस म्हणून त्यांची ओळख आहे. पण त्यांचं खरं मोठं काम दिल्लीत नाही, मद्रास राज्यातल्या खेड्यापाड्यातल्या शाळांमध्ये झालं.

तर सुरुवातीपासून बघू.

मूठभर तांदळावर चालणारी शाळा

१५ जुलै १९०३. मद्रास इलाख्यातलं विरुधुपट्टी नावाचं व्यापारी गाव, म्हणजे आजचं विरुधुनगर. कुमारस्वामी नाडार आणि शिवकामी अम्माळ यांच्या घरी मुलगा झाला. वडिलांचा नारळाचा व्यापार होता. कुलदेवतेवरून पोराचं नाव ठेवलं कामाक्षी, पुढे त्याचं झालं कामराज.

हे कुटुंब नाडार समाजातलं. त्या काळात या समाजाची परिस्थिती काय होती, हे समजून घेतल्याशिवाय कामराज समजत नाहीत. ताडाच्या झाडावर चढून ताडी काढणं हा या समाजाचा पारंपरिक धंदा. अनेक मंदिरांत त्यांना प्रवेश नव्हता. मंदिर प्रवेशासाठी समाज कोर्टात गेला, प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचलं आणि १९०८ मध्ये निकाल विरोधात लागला. त्याआधी १८९९ मध्ये शिवकाशीला या समाजावर मोठा हल्ला झाला होता.

अशा वेळी विरुधुनगरच्या व्यापारी नाडारांनी एक गोष्ट केली. स्वतःची शाळा काढली. समाजाच्या वर्गणीतून आणि घराघरातून गोळा केलेल्या मूठ मूठ तांदळातून ही शाळा उभी राहिली. घरातल्या बाईने भात टाकताना एक मूठ तांदूळ शाळेसाठी बाजूला काढायचा, अशी ती पद्धत. कामराज याच क्षत्रिय विद्याशाळेत शिकले. तांदूळ आणि शाळा यांचं नातं त्यांनी लहानपणी असं पाहिलं होतं.

पण हे शिक्षण फार दिवस टिकलं नाही. कामराज लहान असतानाच वडील वारले. घराचा भार आईवर आला. दागिने मोडून आलेल्या पैशाच्या व्याजावर घर चालू लागलं. १९१४ मध्ये, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, कामराजांची शाळा सुटली. मामाच्या कापडाच्या दुकानात ते कामाला लागले.

इथे एक क्षण थांबा. या घरात शिक्षणाबद्दल अनास्था नव्हती. शाळा गावातच होती. फी परवडत नाही असाही प्रश्न नव्हता. तरी शाळा सुटली, कारण घराला दोन कमावणारे हात हवे होते. पुढे चाळीस वर्षांनी मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी जे निर्णय घेतले, त्या सगळ्यांचं मूळ इथे आहे.

तीन हजार दिवस तुरुंगात

१९१९ मध्ये जालियनवाला बाग झालं. दुकानात बसलेला सोळा वर्षांचा कामराज काँग्रेसकडे ओढला गेला. सभा लावणं, वर्गणी गोळा करणं, पत्रकं वाटणं अशी पडेल ती कामं करता करता ते पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. लग्न केलंच नाही. १९३० मध्ये राजाजींच्या नेतृत्वाखाली वेदारण्यमचा मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात त्यांना पहिल्यांदा तुरुंगवास घडला.

मग तुरुंगाच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. एकूण सहा वेळा अटक, आणि सगळे मिळून तीन हजारांहून जास्त दिवस आत. यातल्या एका तुरुंगवासाचा आपल्याशी संबंध आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनात छोडो भारतचा ठराव झाला, तेव्हा कामराज तिथे हजर होते. मद्रासला परतताना स्टेशनवर पोलीस वाट बघत असणार हे ओळखून ते आधीच उतरले आणि गावोगाव निरोप पोहोचवत फिरले. नंतर त्यांना अटक झाली. या वेळच्या कैदेतला मोठा काळ त्यांनी आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या तुरुंगात काढला. १९४५ मध्ये सुटका झाली.

शाळेत राहून गेलेलं वाचन त्यांनी तुरुंगात भरून काढलं. इंग्रजी वाचायला ते असेच शिकले. तरी भाषण करायची भाषा कायम साधी, गावाकडची तमिळच राहिली.

राजाजींची अर्ध्या दिवसाची शाळा

१९५२ मध्ये राजाजी मद्रासचे मुख्यमंत्री झाले. माणूस विद्वान, पण त्यांच्यापुढे एक अवघड गणित होतं. मुलं भरपूर, शाळा आणि शिक्षक कमी, तिजोरीत पैसा नाही.

यावर १९५३ मध्ये त्यांनी एक तोडगा काढला. ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरतील. एका पाळीत अर्धी मुलं, दुसऱ्या पाळीत अर्धी. म्हणजे तेवढ्याच शिक्षकांत आणि तेवढ्याच खोल्यांत दुप्पट मुलं शिकतील. आणि पोरं उरलेल्या वेळात काय करतील? तर घरी वडिलांचा धंदा शिकतील.

कागदावर हिशोब जुळत होता. पण वडिलांचा धंदा म्हणजे काय, हे जातीने ठरलेल्या समाजात त्याचा अर्थ वेगळा होत होता. चांभाराच्या पोराने चामडं शिकायचं, धोब्याच्या पोराने धुणं शिकायचं आणि ताडी काढणाऱ्याच्या पोराने झाडावर चढायला शिकायचं. पेरियार आणि द्रमुकने या योजनेला कुलशिक्षण, म्हणजे जातीचं शिक्षण, असं नाव दिलं आणि रान उठवलं. काँग्रेसमध्येही अस्वस्थता वाढली. शेवटी १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले.

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले.

नेतेपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे होते राजाजींच्या गटाचे सी. सुब्रमण्यम, आणि त्यांचं नाव सुचवणारे होते भक्तवत्सलम. कामराजांनी या दोघांनाही मंत्रिमंडळात घेतलं. मंत्री अवघे आठ. ज्या देवळांच्या दारात दलितांना अडवलं जायचं, त्या देवस्थानांचं खातं त्यांनी एका दलित मंत्र्याकडे दिलं. आणि सुब्रमण्यम यांच्याकडे शिक्षण आणि अर्थ ही दोन्ही खाती ठेवली.

महिनाभरात अर्ध्या दिवसाच्या शाळेची योजना रद्द झाली.

शाळा आहे, पण पोरं कुठायत?

योजना रद्द करणं सोपं होतं. पण राजाजींपुढचं गणित तसंच होतं. मुलं तेवढीच आणि पैसाही तेवढाच. १९५१ च्या जनगणनेनुसार राज्यात शंभरातले सुमारे एकवीसच लोक साक्षर होते.

कामराजांनी राज्याच्या शिक्षण संचालकपदी एन. डी. सुंदरवडिवेलू यांना आणलं. हा माणूस खेड्यातल्या शाळा पायी पालथ्या घातलेला अधिकारी. दोघांनी मिळून काम सुरू केलं. ज्या गावात शाळा नाही तिथे शाळा, आणि ती पोराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. इमारत नसेल तर देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत भरवा, पण भरवा. गावोगाव शिकून बेकार बसलेले तरुण होते, त्यांना शिक्षक म्हणून घेतलं. एका दगडात दोन पक्षी.

खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना तोवर म्हातारपणाचा आधार नव्हता. १९५५ मध्ये त्यांच्यासाठी पेन्शन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा अशी तिहेरी योजना आली. ज्याच्या भरवशावर सगळं उभं करायचं, त्याचं पोट आधी बघितलं.

शाळा वाढल्या. पण पोरं येईनात. नाव पटावर असायचं, पोर शेतावर असायचं.

याचं कारण आपल्याला आजही नीट कळत नाही. आपण म्हणतो, सरकारी शाळा तर फुकट आहे, मग पाठवायला काय जातं? पण गरिबाच्या घरात शाळा फुकट नसते. आठ वर्षांचा पोरगा गुरं राखतो, धाकट्या भावंडाला सांभाळतो, त्या बदल्यात मालकाकडून त्याला निदान कांजी मिळते. तो शाळेत गेला की ती कमाई बुडाली आणि त्याला खायला घालायची जबाबदारी घरावर आली. म्हणजे फी शून्य असली तरी शाळेची किंमत रोजचं एक जेवण एवढी होते. जिथे घरात एकच वेळ चूल पेटते, तिथे ही किंमत कुणालाच परवडत नाही. आणि परवडून पोर आलंच, तर रिकाम्या पोटी फळ्यावरचं डोक्यात काय शिरणार?

मामाच्या दुकानात कापड मोजलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एट्टयपुरमचं जेवण

१९५६ मध्ये महाकवी भारतीयारांच्या जन्मगावी, एट्टयपुरमला, शाळेतल्या दुपारच्या जेवणाची सुरुवात झाली.

कल्पना अगदी नवी नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास काही शाळांत मुलांना खायला देऊन पाहिलं होतं. पण तो एका शहरातला छोटा प्रयोग होता. अख्ख्या राज्यातल्या खेड्यांमध्ये जेवण द्यायचं ही वेगळी गोष्ट होती.

साहजिकच आक्षेप आले. पैसा कुठून आणणार? मास्तर शिकवणार की स्वयंपाक बघणार? आणि आधी कारखाने उभे करा, पोरांना जेवण नंतर देता येईल. विकसनशील देशाने तुटपुंजा पैसा कशावर लावायचा, धरणावर की पाटीवर, हा वाद तेव्हा जगभर चालू होता.

कामराजांनी सगळा पैसा सरकारी तिजोरीतून येईल याची वाट पाहिली नाही. सुरुवात लोकवर्गणीतून झाली. कुणी धान्य दिलं, कुणी भांडी, कुणी सरपण. गावात समिती बनायची, ती हिशोब बघायची. गाव पुढे आलं, मग सरकारने आपला वाटा टाकला आणि योजनेला कायमचं बजेट मिळालं. विरुधुनगरच्या त्या मूठभर तांदळाची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. १९६१ पासून केअर या आंतरराष्ट्रीय संस्थेकडून दुधाची भुकटी आणि तेल येऊ लागलं.

जेवणासोबत आणखी एक गोष्ट घडली. वेगवेगळ्या जातींची पोरं एका रांगेत बसून जेवू लागली. ज्या समाजात कुणी कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हतं, तिथे हा बदल एका दिवसात पचणारा नव्हता. पण रोज दुपारी तो घडत राहिला.

गावाने शाळा वाटून घेतली

१९५८ पासून शाळा सुधार परिषदा भरू लागल्या. म्हणजे काय, तर एका भागातल्या शाळांना काय काय हवंय याची यादी करायची. फळा, बाकं, घड्याळ, विहीर, एखादी खोली, कुंपण. मग परिसरातल्या लोकांना बोलवायचं आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे एकेक गोष्ट उचलायची. शेतकरी जमीन द्यायचा, गवंडी मजुरी द्यायचा, व्यापारी रेडिओ द्यायचा. यातल्या अनेक परिषदांना मुख्यमंत्री स्वतः जाऊन बसायचे.

१९६० मध्ये गरीब मुलांना मोफत गणवेश द्यायला सुरुवात झाली. वर्गात कुणाचा सदरा फाटका आणि कुणाचा नवा, हे दिसू नये हा त्यामागचा साधा विचार. आणि टप्प्याटप्प्याने शालेय शिक्षण थेट अकरावीपर्यंत मोफत झालं. तेव्हा अकरावी म्हणजे शाळेचा शेवट.

१९६१ च्या जनगणनेत साक्षरतेचं प्रमाण २१ वरून सुमारे ३१ टक्क्यांवर गेलं होतं. दहा टक्क्यांची वाढ आज छोटी वाटेल. पण लक्षात घ्या, या आकड्यात राज्यातले सगळे म्हातारे आणि शाळेचं वय उलटून गेलेले सगळे लोकही धरलेले आहेत. खरी वाढ खालच्या वर्गांत होती आणि तिचं फळ पुढच्या वीस-तीस वर्षांत दिसणार होतं.

त्याच वेळी धरणं झाली नाहीत असंही नाही. वैगई, सातनूर, मणिमुत्तार ही धरणं, नेय्वेलीचा लिग्नाइट प्रकल्प, पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना हे सगळं याच नऊ वर्षांतलं किंवा याच काळात मार्गी लागलेलं. शाळा की कारखाना हा प्रश्नच चुकीचा होता, हे त्यांच्या कारभाराने दाखवून दिलं. कारखान्यात काम करायला शिकलेली माणसं लागतात आणि शिकलेल्या माणसांना काम लागतं.

सगळं साध्य झालं का? नाही. जेवण सुरुवातीला सगळ्या मुलांपर्यंत पोहोचलं नाही. मुलींची गळती मोठी होती. एकशिक्षकी शाळांत शिकवण्याचा दर्जा काय असणार, हाही प्रश्न होता. पण पोर शाळेच्या दारात आलंच नाही, तर दर्जाची चर्चा कुणाबद्दल करायची?

खुर्ची सोडली, मग निवडणूक हरले

१९६३ मध्ये कामराजांनी नेहरूंसमोर एक प्रस्ताव ठेवला. मोठ्या नेत्यांनी मंत्रिपदं सोडावीत आणि पक्षाच्या कामाला लागावं. हीच ती कामराज योजना. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्र्यांनी राजीनामे दिले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री आणि आपल्या मुंबईचे स. का. पाटील हे त्यातलेच. स्वतः कामराज २ ऑक्टोबर १९६३ ला मुख्यमंत्रिपदावरून उतरले, आणि पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नेहरूंनंतर शास्त्री आणि शास्त्रींनंतर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्यात कामराजांचा शब्द निर्णायक ठरला.

पण १९६७ ची निवडणूक आली. राज्यात धान्याची टंचाई होती, हिंदीविरोधी आंदोलनाने विद्यार्थी पेटलेले होते आणि द्रमुकने रुपयाला एक माप तांदूळ द्यायचं आश्वासन दिलं होतं. कामराज स्वतःच्या विरुधुनगरमध्ये बाराशे-तेराशे मतांनी पडले. हरवणारा कोण? पी. श्रीनिवासन नावाचा तरुण विद्यार्थी नेता.

ज्याने पोरांना शाळेत बसवलं, त्यालाच शिकलेल्या पोरांच्या पिढीने घरी बसवलं. ज्याने तांदूळ वाटला, तो तांदळाच्या मुद्द्यावर हरला. याला दैवाचा खेळ म्हणा. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर शिकलेला माणूस प्रश्न विचारतो, मत बदलतो आणि कालच्या उपकारावर आजचं मत देत नाही. शिक्षणाने नेमकं हेच व्हायला हवं असतं.

१९६९ च्या पोटनिवडणुकीत नागरकोइलमधून ते लोकसभेत गेले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली आणि ते इंदिरा गांधींच्या विरोधी गटात राहिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं. देशात तेव्हा आणीबाणी होती. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं.

नऊ वर्षं मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस भाड्याच्या घरात राहायचा. मागे काय राहिलं, तर काही धोतरं, काही सदरे, थोडी पुस्तकं आणि सुमारे १३० रुपये, असं सांगतात.

मग खिचडी आपल्यापर्यंत कशी आली?

१९८२ मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतल्या जेवणाची योजना प्रचंड मोठी केली. एमजीआर स्वतः लहानपणी उपाशी राहिलेले. करुणानिधींच्या काळात ताटात अंडं आलं. सरकारं बदलली, एकमेकांचे कट्टर विरोधक सत्तेवर आले, पण जेवण बंद करायची हिंमत कुणी केली नाही. उलट प्रत्येकाने ताटात काहीतरी वाढवलं.

१९९५ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी योजना आणली, पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हातात कच्चं धान्यच पडायचं. नोव्हेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवणच द्यायचं. तेव्हा कुठे महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मोठ्या पातेल्यात खिचडी शिजू लागली. एट्टयपुरमनंतर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी.

तमिळनाडूत २०११ च्या जनगणनेत साक्षरता ८० टक्क्यांवर होती. त्याचं श्रेय एकट्या कामराजांना देणं बरोबर नाही, त्यात अनेक सरकारांचा आणि चळवळींचा वाटा आहे. पण पहिली पंगत त्यांनी बसवली.

१५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस तमिळनाडूच्या शाळांत शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाच्या नावाने शिक्षणाचा दिवस.

आपल्याकडे शाळेतल्या खिचडीवर विनोद खूप होतात. पोरं फक्त खायला शाळेत येतात, हे तर ठरलेलं वाक्य आहे. मी ज्या शाळेत शिकले, तिथेही हे ऐकलंय. पण वर्गातली दोन-तीन पोरं खरोखरच खिचडीसाठी यायची, सोमवारी सगळ्यात जास्त खायची, कारण मधे रविवार गेलेला असायचा. ती खायला आली, म्हणून दिवसभर वर्गात बसली. बसली, म्हणून वाचायला शिकली.

फाटकाजवळच्या त्या पोराने नेमका हाच सौदा मागितला होता.